छोट्या प्रायोगिक हेलिकॉप्टरचा रिडक्शन गिअरबॉक्स: फेरे ठरवण्यापासून चाचणीपर्यंत

एका माणसाचे, सगळे मिळून ३०० किलो वजनाचे हेलिकॉप्टर धरू. वर ६ मीटर व्यासाचा दोन पात्यांचा रोटर, मागे ६५ अश्वशक्तीचे म्हणजे ४८ किलोवॅटचे दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन. इंजिन मिनिटाला ६५०० फेरे घेते, रोटरला हवेत ५४०. मधली ही बारापट घट कशी करायची, तेवढाच या लेखाचा विषय. सगळी आकडेमोड या एकाच उदाहरणावर आहे. तुमचे इंजिन वेगळे असेल तर आकडे बदला, कामाचा क्रम मात्र बदलू नका.

क्रमाचा आग्रह का, तर बहुतेक जण आधी कुठून तरी क्राउन-पिनियन (मोठ्या आणि लहान दातेरी चाकांची काटकोनी जोडी) मिळवतात आणि मग बाकीचे त्याच्याभोवती बसवत जातात. दातांची ताकद काढणे हा या कामातला सोपा भाग आहे. नीट काढलेला दात सरळ टॉर्कने, म्हणजे फिरवणाऱ्या जोराने, सहसा मोडत नाही. तो मोडतो इंजिनच्या धक्क्यांनी, केसिंग (गिअरबॉक्सची पेटी) वाकल्याने, केसिंगमधल्या आपल्या घरात ढिल्या पडलेल्या बेअरिंगने, नाहीतर तेल पोचले नाही म्हणून. त्यामुळे दातांकडे आपण जरा उशिरा वळणार आहोत.

रोटरचे फेरे आणि इंजिनचे फेरे

पात्याच्या टोकाचा वेग म्हणजे ३.१४ × व्यास × फेरे ÷ ६०. रॉबिन्सन आर-२२ या छोट्या हेलिकॉप्टरचा रोटर ७.६७ मीटरचा आणि १०० टक्क्यांना ५१० फेऱ्यांचा. टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २०५ मीटर निघतो. आपले यंत्र हळू उडणारे आणि हलके, त्यामुळे १७० मीटर पुरतो. ६ मीटर व्यासाला त्यातून ५४० फेरे येतात.

हा आकडा आणखी खाली आणायचा मोह होतो, कारण आवाज कमी होतो. पण शक्ती तीच ठेवून फेरे कमी केले की टॉर्क वाढतो आणि गिअरबॉक्स जड होतो. शिवाय रोटरमध्ये साठलेली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे १० टक्के उतरले की ८१ टक्केच ऊर्जा हाताशी उरते, आणि इंजिन बंद पडल्यावर जमिनीजवळ यंत्र सावरायला तीच लागते.

इंजिनच्या बाजूला एकच गोष्ट पाहायची: चालवायचे फेरे कमाल टॉर्कच्या फेऱ्यांच्या थोडे वर हवेत. कमाल टॉर्क ६००० ला असेल आणि आपण ६५०० ला चालवत असू, तर भार वाढून फेरे घसरले की टॉर्क वाढतो आणि इंजिन स्वतःला सावरते. उलट बाजूला बसलात तर फेरे घसरतील तसा टॉर्कही घसरेल. इंजिनचे मॅन्युअलही आधीच वाचून घ्या. काही उत्पादक हेलिकॉप्टरसाठी इंजिन वापरू नका असे स्पष्ट छापतात, आणि त्याला कारणे असतात.

एकूण गुणोत्तर ६५०० ÷ ५४० = १२.०४. रोटरच्या शाफ्टवर टॉर्क ४८,००० ÷ ५६.५ = सुमारे ८५० न्यूटन-मीटर. मागचा रोटर यातला दहाएक टक्के खातो, पण मुख्य शाफ्ट काढताना ती सूट घ्यायची नाही.

बारा पट दोन टप्प्यांत

एका बेव्हल जोडीत (शंकूच्या आकाराच्या, शक्ती काटकोनात वळवणाऱ्या गिअरांत) बारा पट घट करायला गेलात तर पिनियन बोटाएवढा आणि क्राउन व्हील परातीएवढे होते. म्हणून दोन टप्पे. आर-२२ मध्ये इंजिनकडून वरच्या पुलीकडे व्ही-बेल्ट जातात, तिथे ०.८५३६ चे गुणोत्तर. पुढे ११ आणि ४७ दातांची स्पायरल, म्हणजे वळणदार दातांची, बेव्हल जोडी. लायकॉमिंग इंजिन मुळातच २५५० फेऱ्यांवर चालते, म्हणून पट्ट्याला तिथे फारसे काम नाही. रोटरवे कंपनीच्या एक्झेक हेलिकॉप्टर मालिकेत इंजिन उभे बसवून बेव्हल टाळला आणि पट्टे व तेलात चालणारी साखळी वापरली. दोन्ही वाटा चालतात. आपण पहिली घेऊ, कारण आडवे इंजिन बसवणे आणि मागच्या रोटरला शक्ती देणे तिच्यात सोपे जाते.

पहिला टप्पा पट्ट्याचा, २.६ पट: मधला शाफ्ट २५०० फेऱ्यांवर. दुसरा बेव्हलचा, ११ आणि ५१ दात, म्हणजे ४.६४ पट. एकूण १२.०५, रोटर ५३९ वर. एका फेऱ्याच्या फरकासाठी दात बदलायला जाऊ नका. ११ आणि ५१ ला सामाईक विभाजक नाही, त्यामुळे पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या प्रत्येक दाताला आळीपाळीने भेटतो आणि एका दाताचा दोष एकाच जागी खड्डा पाडत नाही. १० आणि ५० घेतले असते तर ठरावीक जोड्याच आयुष्यभर एकमेकांवर घासल्या असत्या.

इंजिनवरची पुली ११० मिमी, वरची २८६ मिमी. पट्ट्याचा वेग सेकंदाला ३७ मीटर येतो. बिडाची पुली या वेगाला वापरायची नाही, ती फुटू शकते. पोलाद किंवा ठोकळ्यातून कातलेले अॅल्युमिनियम घ्या आणि दोन प्रतलांत बॅलन्स करून घ्या. पट्टे सुटे न घेता पाठीकडून एकमेकांना जोडलेले बँडेड व्ही-बेल्ट घ्या. सुट्यांपैकी एक लांब निघतो, फडफडतो आणि उलटा होऊन पुलीवरून उतरतो. दोन केंद्रांमध्ये ४२० मिमी ठेवले तर लहान पुलीवर पट्ट्याची मिठी १५६ अंशांची राहते, तेवढी पुरते.

पट्ट्याचा निव्वळ ओढ ४८,००० ÷ ३७.४ = सुमारे १२८० न्यूटन. दोन्ही बाजूंचा ताण मिळून क्रँकशाफ्टच्या टोकाला अडीच ते तीन हजार न्यूटन एका बाजूला खेचतात. टू-स्ट्रोकच्या क्रँकचे बेअरिंग यासाठी बनवलेले नसते. पुलीच्या बाहेरच्या बाजूला आधाराचे एक बेअरिंग द्या आणि पुली क्रँकला लवचीक कपलिंगने जोडा. हा खर्च वाचवलेल्या इंजिनांचा क्रँक मोडतो, आणि मोडतो तो नेमका पुलीच्या मुळाशी.

वरची पुली थोडी वर-खाली सरकवता आली की पट्टा ढिला करून इंजिन सुरू करता येते. वेगळा क्लच लागत नाही. स्क्रू-जॅक आणि छोटी मोटर पुरते. पट्टा घट्ट झाल्यावर जॅक भाराने उलटा फिरणार नाही इतका चढ-कोन लहान ठेवा.

फ्रीव्हील कुठे बसवायचे

इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते. फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने टॉर्क देणारा स्प्रॅग क्लच, वरच्या पुलीच्या हबमध्ये बसवा. मधला शाफ्ट पुलीतून आरपार जातो: पुढचे टोक मुख्य गिअरबॉक्सकडे, मागचे टोक शेपटीकडे. इंजिन अडकले किंवा पट्टा तुटला तरी मुख्य रोटरच बेव्हलमधून मधला शाफ्ट फिरवत राहतो आणि शेपटीचा रोटरही फिरत राहतो. शेपटीची शक्ती फ्रीव्हीलच्या इंजिनकडच्या बाजूने घेतली, तर इंजिन बंद पडताच शेपूटही मरते.

मधल्या शाफ्टवर टॉर्क १८३ न्यूटन-मीटर. स्प्रॅग निवडताना त्याच्या चौपट, म्हणजे ७३० च्या पुढचा घ्या. टू-स्ट्रोकचा टॉर्क सरळ नसतो, तो प्रत्येक स्फोटाला उसळतो. स्प्रॅगला ती उसळी सोसायची आहे. स्प्रॅग आडवा भार घेत नाही, म्हणून त्याच्या दोन्ही अंगांना बॉल बेअरिंग हवे. तो ज्या पृष्ठावर पकड घेतो तो ६० एचआरसीच्या (रॉकवेल सी, कडकपणाचे माप) आसपास कडक आणि ग्राइंड केलेला हवा. त्याचे तेल वेगळे ठेवा. मॉलिब्डेनम किंवा ग्राफाइट घातलेले घसरडे तेल स्प्रॅगची पकडच सोडवते.

पीळ आणि कंप

दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात दोनदा पेटते. ६५०० फेऱ्यांना सेकंदाला २१७ धक्के, २००० च्या आयडलला ६७. या धक्क्यांची वारंवारता साऱ्या ड्राइव्हच्या स्वतःच्या पिळाच्या वारंवारतेशी जुळली की टॉर्क सरासरीच्या कितीतरी पट वर-खाली होतो. मीटरवर काही दिसत नाही. नंतर स्प्लाइन (शाफ्टवरचे लांब खाचे) झिजलेले, स्प्रॅग फुटलेला, दाताचा कोपरा उडालेला सापडतो.

हिशेब असा करा. उभा मुख्य शाफ्ट, ज्याला मास्ट म्हणतात, तो बाहेरून ५० मिमी, आतून ३६ मिमी, लांबी ७०० मिमी. पिळाचा कडकपणा रेडियनला सुमारे ५१,३०० न्यूटन-मीटर येतो. तो क्रँकवर आणायचा तर एकूण गुणोत्तराच्या वर्गाने भागायचे: १२.०५ चा वर्ग १४५, म्हणून उरतात ३५३. क्रँक, पुली आणि कपलिंग मिळून जडत्व ०.०१२ किलो-वर्गमीटर धरले, आणि रोटर इतका जड की तो जणू स्थिरच, तर वारंवारता निघते २७ हर्ट्झ. पट्ट्याची लवचीकता मिळवली की आणखी खाली.

२७ हर्ट्झ हे ६७ च्या बरेच खाली, म्हणजे सुरक्षित वाटते. पूर्ण खरे नाही. फेऱ्यात दोन धक्के धरले तर हा अनुनाद, म्हणजे वारंवारता जुळणे, ८२० फेऱ्यांना येतो. तेव्हा पट्टा ढिलाच असतो, काही बिघडत नाही. एक सिलिंडर मिस होत असेल तर फेऱ्याला एकच धक्का उरतो आणि तोच अनुनाद १६४० ला येतो, आयडलच्या जवळ. तिसरी स्थिती सगळ्यात फसवी. हलक्या भारावर टू-स्ट्रोक इंजिन एक फेरा सोडून एक फेरा पेटू लागते, मेकॅनिक त्याला फोर-स्ट्रोकिंग म्हणतात. तेव्हा हाच अनुनाद ३२८० ला, आणि पट्टा धरला तर त्याहून थोडा खाली येतो. म्हणून पट्टा चढवल्यावर २८०० ते ३४०० फेऱ्यांच्या दरम्यान इंजिन गरम करत बसायचे नाही, तिथून सरळ पुढे जायचे. टॅकोमीटरवर तेवढी लाल पट्टी रंगवा.

दुसरी वारंवारता वरच्या पुलीचे जडत्व आणि पट्टा मिळून ठरवतात. ती २१७ च्या २० टक्के अलीकडे-पलीकडे, म्हणजे १७४ ते २६० मध्ये पडली, तर पुली हलकी किंवा जड करून ती तिथून हलवा. पट्टा जास्त ताणून हा प्रश्न सुटत नाही. तो बेअरिंगच्या खात्यात जमा होतो.

शेपटीच्या शाफ्टला पिळापेक्षा वाकण्याची भीती जास्त. ३८ मिमी बाहेरचा, दीड मिमी जाडीचा अॅल्युमिनियम पाइप ३.४ मीटर लांब आहे असे धरा. मध्ये एकच बेअरिंग दिले तर १.७ मीटरचे दोन गाळे होतात आणि पाइप सुमारे २१५० फेऱ्यांना झोके घेऊ लागतो. आपले चालू फेरे २५००, म्हणजे धोक्याच्या दारातच. दोन बेअरिंगे देऊन तीन गाळे केले की हीच मर्यादा ४८५० च्या आसपास जाते. एका बेअरिंगच्या किमतीत एवढा फरक दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आता दात

बाहेरच्या टोकाला मॉड्यूल (मिलिमीटरमधला व्यास भागिले दातांची संख्या) ५. पिनियन ५५ मिमी, क्राउन २५५ मिमी, दाताची रुंदी ३८ मिमी, स्पायरल कोन ३५ अंश. रुंदी शंकूच्या तिरक्या लांबीच्या (इथे १३० मिमी) तीन दशांशापेक्षा जास्त घेऊ नका. आतल्या टोकाचा दात बारीक होत जातो आणि वाढवलेली रुंदी कागदावरच राहते.

रुंदीच्या मध्यावर पिनियनचा व्यास ४७ मिमी. दातावरचा स्पर्शरेषेतला भार २ × १८३ ÷ ०.०४७ = ७.८ किलोन्यूटन. मध्यावरचे लंब मॉड्यूल ३.५ आणि दाताच्या आकाराचा लुइस गुणांक ०.३२ धरून मुळाशी ताण येतो १८३ मेगापास्कल. इथे थांबलात तर दात फारच दणकट वाटेल. याला इंजिनच्या धक्क्यांसाठी १.७५, दातांच्या गतिज भारासाठी १.१५, आणि भार रुंदीवर सारखा न पसरल्याबद्दल १.५ ने गुणा. हिशेब जातो ५५० वर. चांगल्या केस-हार्डन पोलादाला मुळाशी ८६० ची मर्यादा धरली आणि दीडचा सुरक्षांक घेतला तर ५७० मिळतात. बसले, पण जेमतेम. मॉड्यूल ४.५ ला हाच आकडा ७४० च्या वर जातो.

दाताच्या पृष्ठावरचा दाबही तपासायचा असतो. तरी दोन्हींत जास्त सूट मुळाच्या वाकण्याला द्या. पृष्ठाला खड्डे पडतात तेव्हा तेलात आधी कण दिसतात, आवाज बदलतो, वेळ मिळतो. मुळातून मोडणारा दात काही सांगत नाही.

स्पायरलची दिशा अशी निवडा की शक्ती देताना पिनियन शंकूच्या टोकापासून बाहेर ढकलला जाईल. उलट निवडली तर तो आत ओढला जातो, बॅकलॅश (दातांमधली मोकळी फट) संपतो आणि जोडी जाम होते. मात्र इंजिन बंद पडून रोटर शेपटीला फिरवू लागतो तेव्हा दाताची दुसरी बाजू भार घेते आणि पिनियन आत ओढला जातो. भार थोडाच असतो, पण पिनियनचे बेअरिंग दोन्ही दिशांना अडवणारे हवे.

जीप किंवा व्हॅनचे तयार क्राउन-पिनियन का नको, हा प्रश्न येतोच. बहुतेक मोटारींची जोडी हायपॉइड असते, म्हणजे पिनियनचा अक्ष क्राउनच्या केंद्रातून जात नाही. दात एकमेकांवर घसरतात, उष्णता जास्त होते, आणि ते सतत पूर्ण शक्तीवर चालायला बनवलेले नसतात; गाडी घाट चढते तेव्हाच त्यांच्यावर खरा भार येतो. दुसरी अडचण फिरण्याच्या दिशेची. तुमच्या रोटरची दिशा उलट असेल तर भार दाताच्या कोस्ट बाजूवर पडतो, जी बाजू गाडी उतारावर असतानाच काम करते. जमिनीवरच्या प्रयोगाला ही जोडी वापरा, हरकत नाही. उडायला नको.

पोलादासाठी ईएन ३५३ किंवा ईएन ३६ सी. पहिले आपल्याकडे क्राउन-पिनियनसाठी नेहमी वापरात असल्याने सहज मिळते. ९३१० हे पोलाद मिळाले तर उत्तम. कडक थर ०.७ ते १.० मिमी, पृष्ठ ५८ ते ६२ एचआरसी, गाभा ३२ ते ४०. थर याहून जाड मागू नका, दाताचे टोक आरपार कडक होऊन कपच्या उडतात. ग्राइंडिंग केले असेल तर नायटल एचिंगने (पातळ आम्ल लावून) जळके डाग पाहून घ्या आणि प्रत्येक नगाची मॅग्नेटिक तपासणी करा. दाताच्या मुळाशी ग्राइंडिंग व्हीलने पायरी सोडली असेल तर तो नग परत करा, कितीही सुंदर दिसत असला तरी.

बेअरिंग आणि मास्ट

पिनियन दोन टेपर रोलर बेअरिंगवर, पाठीला पाठ लावून. पिनियनचा मध्य जवळच्या बेअरिंगपासून ३५ मिमी पुढे असेल तर दोन बेअरिंगांत ९० मिमी ठेवा. जवळचे बेअरिंग दाताच्या आडव्या भाराच्या सुमारे १.४ पट झेलते. अक्षीय भार मिळवून समतुल्य भार १५ किलोन्यूटन धरू. २००० तास हवे असतील तर ३० कोटी फेरे होतात, आणि त्यासाठी कॅटलॉगमधली गतिज क्षमता ८३ किलोन्यूटन लागते. ७५ ची क्षमता घेतली तर तेच आयुष्य १४२५ तासांवर येते. हे तासही शंभरातली नव्वद बेअरिंगे गाठतात असे. तुमच्या हातातले बेअरिंग उरलेल्या दहांतले असू शकते, हे विसरू नका.

प्रीलोडसाठी, म्हणजे बेअरिंग आधीच थोडे दाबून बसवण्यासाठी, मोटारीतली चेपणारी बाही वापरू नका. ग्राइंड केलेला स्पेसर आणि शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घ्या. प्रीलोड फिरवायला लागणाऱ्या टॉर्कवर मोजा, नटच्या टॉर्कवर नाही.

मास्टमध्ये पिळाचा ताण फक्त ४७ मेगापास्कल येतो. त्यावर कुणी म्हणते, मग पातळ करू. पण रोटरचे वाकवणे प्रत्येक फेऱ्याला मास्टला उलट-सुलट वाकवते. ५४० फेऱ्यांना तासाला ३२,४०० वेळा, म्हणजे ३१ तासांत दहा लाख. इथे जिंकतो तो धातूचा थकवा. ईएन २४ चा मास्ट घ्या. त्यावर कीवे नको, वेल्डिंग तर नकोच, सर्क्लिपचा खोबणा वाकवणे कमी असेल तिथेच. व्यास बदलेल तिथे मोठी गोलाई द्या आणि पॉलिश करा. वरचे बेअरिंग रोटरचा उचल आणि वाकवणे दोन्ही घेईल असे केसिंगच्या माथ्यावर उंच बसवा, म्हणजे क्राउन व्हीलपर्यंत ते वाकवणे पोचत नाही. उचल ३०० किलोला सुमारे २९५० न्यूटन. साडेतीन पट झटका धरून बेअरिंग काढा.

केसिंग

एलएम २५ चे ओतकाम, टी६ हीट ट्रीटमेंटसह. कोल्हापुरातल्या बहुतेक फाउंड्र्या बिडाच्या आहेत. अॅल्युमिनियमला वेगळे हात लागतात, आणि भिंतीत सच्छिद्रता नाही याची एक्स-रे खात्री देणाऱ्यालाच काम द्या.

अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ८० मिमीचे घर ८० अंशांनी तापले की ते बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यापेक्षा ०.०७ मिमीने जास्त मोठे होते. थंडीत ठोकून बसवलेले कडे गरम होताच फिरू लागते, घर खाते, पिनियन तिरका होतो आणि दोष दातांवर येतो. उपाय म्हणजे पिनियन आणि त्याची दोन्ही बेअरिंगे एका पोलादी काडतुसात (नळीसारख्या वेगळ्या घरात) बसवून ते काडतूस फ्लँजने केसिंगला बोल्ट करणे. फ्लँजखालच्या शिमने पिनियनची खोलीही जुळवता येते, म्हणजे एका भागात दोन कामे.

पिनियनचे घर आणि मास्टची दोन्ही घरे एकाच सेटिंगमध्ये बोअर करून घ्या. जॉब उलटवून बोअर केला की काटकोन गेला, आणि तो शिमने परत येत नाही. आत आडव्या फासळ्या पिनियनच्या फ्लँजपासून मास्टच्या खालच्या घराकडे धावत्या हव्यात, कारण दात या दोघांनाच एकमेकांपासून दूर ढकलतात.

तेल आणि उष्णता

शक्तीच्या दीड टक्का उष्णतेत जातो असे धरले तर ७२० वॅट. म्हणजे कपड्यांची इस्त्री सतत चालू. फासळ्या धरून केसिंगचा पृष्ठभाग ०.२ वर्गमीटर. साधारण हवेत, दर वर्गमीटर-अंशाला ३० वॅट जातात असे मानले, तर तेल बाहेरच्या हवेपेक्षा १२० अंश वर चढते. विदर्भातल्या मे महिन्यात ४५ अंशांना ते १६५ होईल. इंजिनच्या पंख्याची हवा नळीने केसिंगवर सोडली तर हाच गुणांक दुप्पट करता येतो आणि तेल १०५ वर थांबते. नळी पाव किलोचीही नसते. ती लावाच.

७५डब्ल्यू-९० सिंथेटिक, जीएल-५ दर्जाचे, सुमारे ०.९ लिटर. थांबलेल्या स्थितीत क्राउनच्या दाताची पूर्ण उंची बुडेल इतकीच पातळी. जास्त ओतले की घुसळून फेस होतो आणि तापमान चढते. टेपर बेअरिंग तेल लहान टोकाकडून मोठ्याकडे ढकलते, म्हणजे पंपच म्हणा. म्हणून काडतुसात वरून तेल यायला एक आणि खालून परत जायला एक भोक हवे, नाहीतर तेल सीलवर साठते आणि सील दोषी ठरते. मास्टच्या वरच्या बेअरिंगपर्यंत उडते तेल पोचत नाही, त्याला ग्रीसचे सीलबंद बेअरिंग द्या. ब्रीदर (हवा जाण्याचे भोक) आणि तळाशी चुंबकाचा ड्रेन प्लग हवाच.

जुळवणी

क्राउनच्या आठ-दहा दातांना पातळ ब्लू (ठसा पाहायचा निळा रंग) लावा, हाताने अडवून धरत फिरवा. ठसा मुळाशी उमटला तर पिनियन फार आत आहे, बाहेर काढा. टोकाशी उमटला तर आत न्या. ठसा बाहेरच्या टोकाला सरकला असेल तर क्राउन पिनियनच्या जवळ आणा, आतल्या टोकाला असेल तर दूर. भार नसताना ठसा मध्यापासून किंचित आतल्या टोकाकडे ठेवा. भाराखाली तो बाहेर सरकतो. नेमका मध्यावर आणून खूश झालात तर उडताना तो कडेला जातो आणि कोपरा उडतो. बॅकलॅश डायल गेजने चार ठिकाणी मोजा, ०.१३ ते ०.१८ मिमी. चार वाचनांत ०.०५ पेक्षा जास्त फरक असेल तर क्राउन वाकडे बसले आहे. फ्लँजखाली एखादा बर (धातूचा कंगोरा) चिकटला नाही ना, ते आधी पाहा.

चाचणी

पहिल्या चाचण्या पात्यांशिवाय. २०२१ च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीला घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरच्या जमिनीवरच्याच चाचणीत पाते तुटून एका तरुणाचा जीव गेला. फिरत्या पात्यांच्या प्रतलात आणि खाली कुणीही उभे राहायचे नाही; कंट्रोल दुरून, मध्ये मातीच्या पोत्यांची भिंत.

भार म्हणून ६२.५ केव्हीएचा जुना अल्टरनेटर आणि जनरेटर दुरुस्त करणारे वापरतात तशी हीटर बँक स्वस्तात जमते. मास्ट कपलिंगने वेगळ्या जॅकशाफ्टला जोडा आणि तिथून २.७८ पट वेग वाढवून १५०० फेऱ्यांचा अल्टरनेटर फिरवा. पट्टा थेट मास्टवर लावू नका, त्याची आडवी ओढ मास्टच्या नशिबी कधीच नसते.

भाराशिवाय अर्धा तास, चौथाई भारावर एक तास, मग तेल काढून गाळा. अर्ध्या भारावर दोन तास, पाऊण भारावर दोन, पूर्ण भारावर दहा. उघडा, ठसा पुन्हा पाहा, बॅकलॅश पुन्हा मोजा, तो ०.०३ मिमीपेक्षा जास्त वाढला असेल तर काहीतरी हलले आहे. अमेरिकेच्या हलक्या हेलिकॉप्टरांसाठीच्या भाग २७ च्या नियमांत रोटर ड्राइव्हची सहनशक्ती चाचणी किमान १०० तासांची आहे. घरच्या यंत्राला तो नियम लागू नसला तरी लक्ष्य म्हणून तोच आकडा धरा.

अल्टरनेटरवर एक गोष्ट सिद्ध होत नाही: पीळ. त्याचे जडत्व रोटरसारखे नसते. म्हणून पुढचा टप्पा यंत्र साखळ्यांनी जमिनीला बांधून, खऱ्या पात्यांसह. मास्टवर स्ट्रेन गेज लावून टॉर्कची उसळी मोजा. ती सरासरीच्या १.७५ पटीपेक्षा वर गेली तर दातांचा वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागेल. या बांधलेल्या अवस्थेतच इंजिन अचानक बंद करून फ्रीव्हील सुटते का, शेपटीचा रोटर फिरत राहतो का, ते दहा-बारा वेळा पाहा. हवेत उठण्याआधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी लागते. त्या अर्जासोबत या चाचण्यांची तारीखवार नोंदवही जोडा.

नंतर दर २५ तासांनी चुंबकाचा प्लग काढा. राखाडी लेप असेल तर पुसून परत लावा. नखाने उचलता येईल अशी चकचकीत खपली सापडली तर त्या दिवशी उड्डाण नाही. बॉक्स उघडायचा आणि ती कुठल्या दाताची किंवा कुठल्या बेअरिंगची, हे सापडेपर्यंत बंद करायचा नाही.